मधल्या सुट्टीचा ठोका

मी एक जुना रूळ आहे. अख्खा नव्हे, रुळाचा हातभर तुकडा. बेलापूरजवळच्या एका बोर्डिंगात, फाटकाशेजारच्या कडुनिंबाला साखळीने टांगलेला. आता मला गंज चढला आहे आणि साखळी फांदीत रुतून बसली आहे. येणारेजाणारे विचारतात, हे काय लटकते आहे, आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जातात. थांबले असते तरी मी काय सांगणार होतो म्हणा! लोखंडाला तोंड नसते, कुणी ठोकले तरच ते बोलते. मित्रांनो, तुम्ही थांबला आहात तर ऐका. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म भट्टीतला. त्यातले मला फक्त उकडलेले आठवते. पुढे दौंड-मनमाड लाईनवर मला अंथरले. मालगाड्या आणि पॅसेंजर मला तुडवून जात, पण त्या तुडवण्यात मान होता, कारण माझ्यावरून माणसे आपापल्या घरी पोहोचत. मग एका हिवाळ्यात मला चीर गेली. रेल्वेच्या दुरुस्ती-गँगच्या लोकांनी मला उपटले, तुकडे केले आणि स्टेशनामागच्या बाभळीत टाकून दिले. बोर्डिंगचे मोठे सर स्टेशनमास्तरांच्या ओळखीचे. त्यांनी मला मागून घेतले आणि बैलगाडीत घालून इथे आणले. टोकाला जोडपट्टीचे भोक होतेच, त्यातून साखळी ओवली. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू लावले, नारळ फोडला. माझा आवाज कालव्यापलीकडच्या मळ्यांत जाई आणि खुरपणाऱ्या बाया त्यावर भाकरीला बसत. "बोर्डिंगाचा रूळ झाला" असे त्या म्हणत. मी अगदी हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो.

जून आला की नवी मुले येत. जामखेड, पाथर्डीकडची कोरडवाहू गावांतली मुले. डोक्यावर पत्र्याची पेटी घेतलेला बाप पुढे आणि मागे नवी खाकी चड्डी सावरत येणारा मुलगा. आईबाप निरोप घेऊन वळले की मुलगा फाटकाकडे धाव घेई, आणि नेमके तेव्हाच मोठे सर मला वाजवायला सांगत. माझ्या आवाजात मुलाचे रडणे बुडून जाई आणि आईचे पाऊल थबकत नसे. नारळ फोडून मला टांगले ते या कामासाठी, हे मला उशिरा कळले.

नव्या मुलांचा सगळा दिवस माझ्या ठोक्यांवर चाले. अंधारात पहिला ठोका पडे. घरी आईच्या हाकेने उठणारी ती मुले दचकून उठत आणि आपण कुठे आहोत हे समजायला त्यांना थोडा वेळ लागे. मग हौदावर गर्दी. जुनी मुले आधी पाणी घेत, नव्यांच्या वाट्याला तळातले गार आणि गढूळ येई. कुणाचे अंथरूण ओले झाले असेल तर तो ते घडी करून पेटीमागे दडवी, पण वास कुठे दडतो? मग प्रार्थना, झाडलोट, पंगत, शाळा. कोणता ठोका कशाचा, हे नव्यांना उमगत नसे. अभ्यासाच्या ठोक्याला ती ताटे घेऊन धावत आणि जेवणाच्या ठोक्याला पाटी-दप्तर घेऊन. जुनी मुले पोट धरून हसत. घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी आठवडाभरही टिकत नसे, कारण तिच्यावर आधी जुन्यांचा हक्क असे. रात्री शेवटचा ठोका पडला की बोलणे बंद. रडायचे असेल तर तोंडात पांघरुणाचा बोळा घालून.

मला वाजवायचे काम बाबाजान चाचांकडे होते. फाटकाशेजारी त्यांची खोली. मधोमध पांढरी झालेली दाढी, अंगात खाकी कोट, आणि माझा हातोडा कमरेच्या पट्ट्यात. चाचा फार बोलत नसत. नवा मुलगा फाटकाशी रडत उभा राहिला तर हाकलतही नसत आणि समजूतही घालत नसत. आपल्या बाकड्यावर थोडे सरकून त्याला जागा करून देत.

बहात्तर साली गोरक्ष आला. जामखेडच्या बाजूचा, पाचवीतला, अंगाने काटकुळा. त्या वर्षी पावसाने तोंड फिरवले होते. बोर्डिंगात मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी मिळे. ती घशाखाली उतरत नसे, पण घरी तीही नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला आणि परत आला तो आईबापाच्या बैलगाडीतून. त्याचे आईबाप ऊस तोडायला निघाले होते. कारखान्याजवळच्या माळावर पाचटाच्या कोप्या घालून ते राहणार होते. पोराला कोपीवर ठेवले तर त्याच्या हातात कोयता येईल, म्हणून त्याला बोर्डिंगात सोडून गाडी पुढे गेली. आई इतकी जवळ आली होती, आणि भेटायचे मात्र नाही. भेटीचा दिवस महिन्यातून एक, तोही रविवारी, आणि ऊसतोडीला कसला आलाय रविवार!

मोठे सर दुष्ट नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. ते म्हणत, "भेट झाली की पोरगं चार दिवस जेवत नाही. त्यापेक्षा भेटच नको." असे पाहून पाहूनच त्यांचे मत बनले होते. नियम मोडणाऱ्याचे नाव ते कमी करत. कमी करणे म्हणजे पेटी उचलून घरी जाणे. गोरक्षच्या घराला तेव्हा कुलूप होते.

उसाने भरलेल्या गाड्या आमच्याच रस्त्याने कारखान्याला जात. त्या दिवसांत तोड जवळच्या मळ्यात चालू होती, त्यामुळे गाड्या मधल्या सुट्टीच्या थोड्या आधी फाटकावरून जात. एके दिवशी त्या रांगेतल्या एका गाडीवरून एक बाई खाली उतरली आणि धावत तारेच्या कुंपणाशी आली. ती रतनबाई, गोरक्षची आई.

"चाचा, माझं पोरगं हाय आत. गोरक्ष नाव. नुसतं बगू द्या."

"वर्गात हाय, बाई. सुट्टी व्हायचीय अजून."

तिने मागे वळून पाहिले. भरली गाडी रांगेत थांबवता येत नाही. एक थांबली की मागच्या सगळ्या अडतात आणि कारखान्यावरचा नंबर जातो. नवरा गाडी पुढे हाकत होता. चाचांनी तिच्याकडे पाहिले, ऑफिसाच्या दाराकडे पाहिले आणि पट्ट्यातून हातोडा काढला.

मी वाजलो. मित्रांनो, उभ्या आयुष्यात मी इतका मोकळा कधी वाजलो नव्हतो.

मुले बाहेर उसळली. गोरक्षला आई दिसली. तो तारेपाशी जाऊन उभा राहिला. तिने तारेतून हात घालून त्याच्या केसांत बोटे फिरवली, उवा पाहिल्या. पाचटाने तिच्या हातांवर बारीक चरे पडले होते.

"खातूस का पोटभर?"

"व्हय."

"मारीत न्हाईत ना?"

"न्हाई. लई ब्येस हाय हितं," गोरक्ष म्हणाला. आदल्याच दिवशी त्याने मार खाल्ला होता.

तिने कमरेला खोचलेले उसाचे कांडे त्याला दिले आणि गाडी गाठायला ती पळत सुटली.

त्यानंतर चाचा घड्याळ पाहीनासे झाले. ते रस्ता पाहत. वळणावर गाड्या दिसल्या की मधली सुट्टी होई. मुलांना काय, सुट्टी लवकर झाली तर हवीच असते. गुरुजींनाही चहाची घाई असे. गोरक्ष जेवू लागला, गणिते सोडवू लागला. रात्री पांघरुणाचा बोळा त्याला लागेनासा झाला. दिवसातली तेवढी दोन-चार मिनिटे त्याला पुरत होती. मला त्याचा आणि स्वतःचाही अभिमान वाटू लागला. एरवी मी आईला मुलापासून तोडत असे, आता त्यांना जोडत होतो.

पण सुख आमच्या कपाळी नव्हते. जानेवारीत तपासणीला साहेब आले. ते पाचवीच्या वर्गात उभे राहून प्रश्न विचारत होते आणि रस्त्यावर गाड्या दिसल्या. चाचांनी मला ठोकले. प्रश्न अर्धा राहिला आणि वर्ग उठून पळाला. साहेबांनी खिशातले घड्याळ काढले. मोठ्या सरांचा चेहरा उतरला.

संध्याकाळी सर झाडाखाली आले. "बाबाजान, घड्याळ दिसत नाही का तुम्हांला?"

खरे सांगितले असते तर गोरक्षचे नाव कमी झाले असते. चाचा खाली पाहत म्हणाले, "डोळे अधू झाले, सर. काटा नीट दिसत न्हाई."

स्वतःच्या तोंडाने ते असे बोलले, आणि तेच त्यांच्या मुळावर आले. काटा न दिसणाऱ्या माणसाला घंटेवर कोण ठेवणार? दुसऱ्या दिवशी उजाडताच चाचा आपली वळकटी घेऊन नगरला गेले. तिकडे सावेडीत त्यांचा पुतण्या राहत असे. जाताना त्यांनी हातोडा माझ्या साखळीत अडकवून ठेवला. गोरक्षला किंवा रतनबाईला काही सांगायला त्यांना सवडच मिळाली नाही. चार दिवस गुरुजींनी शिट्टीवर भागवले. आठवड्याच्या आत एका बागायतदाराने विजेची घंटा देणगी दिली आणि ती वर्गांच्या भिंतीवर बसली. वाटीएवढी ती, किर्र वाजे, पण वेळेवर वाजे. तिचा आवाज फाटकापर्यंतसुद्धा येत नसे.

रतनबाई रोज तारेपाशी येऊन उभी राही. वर्गांची दारे बंद असत. ती माझ्याकडे पाही, चाचांच्या रिकाम्या बाकड्याकडे पाही. गाडी कालव्याच्या पुलाशी पोहोचली की धावत जाई. ती दिसेनाशी झाल्यावर भिंतीवर किर्र होई आणि गोरक्ष धापा टाकत येई. रस्त्यावर तेव्हा फक्त धूळ उडत असे. दोघे एकाच तारेला हात लावून जात, आगेमागे. मी मध्ये लटकलेला होतो आणि मला सगळे दिसत होते. ओरडून सांगावे असे फार वाटे. पण हातोडा जवळ असून काय उपयोग, तो उचलायला हात लागतो.

एकदा तिच्याबरोबर दुसरी एक तोडकरीण उतरली होती. तिने विचारले, "आज बी न्हाई आलं व्हय पोरगं?"

"न्हाई," रतनबाई म्हणाली. "रमलं आता. सवंगडी मिळालं आसतील. बरंच झालं की, मागं रडाय नको." हे ती हसत म्हणाली, आणि ते हसणे मला पाहवले नाही. त्यानंतर ती गाडीवरून उतरेनाशी झाली. आधी उसावर बसून मान वळवून पाही. पुढे पुढे दमून तिथेच झोपलेली दिसे.

गोरक्षचा हिशेब निराळाच होता. रूळ वाजला की आई येते, एवढे त्याला ठाऊक होते. रूळ वाजेनासा झाला म्हणून आई येत नाही, असे त्याच्या मनाने घेतले. एका दुपारी तो मधल्या सुट्टीत माझ्यापाशी आला. त्याने साखळीतला हातोडा काढला आणि दोन्ही हातांनी मला ठोकायला लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मी जीव तोडून वाजलो. माझी चीर वाढली तरी चालेल, पण आवाज पुलापलीकडे गेला पाहिजे, असे मला वाटले. आवाज पोहोचलाही असेल. मळ्यातल्या बायांनी माना वर केल्या. गाड्यांची रांग मात्र थांबली नाही. सरांनी गोरक्षला छडीने मारले आणि हा आचरटपणा का केलास म्हणून विचारले. तो पुलाकडे पाहत राहिला. हातोडा त्या दिवशी कोठीत कुलपात गेला.

पट्टा पडला, म्हणजे उसाचा हंगाम संपला, तेव्हा गाड्या आपापल्या गावी गेल्या. मे महिन्यात रतनबाई त्याला न्यायला आली. गोरक्षने वाकून नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा. तिने त्याच्या केसांकडे हात नेला, तर तो मान बाजूला घेऊन पेटी उचलायला गेला. "का येत न्हवतीस?" असे त्याने विचारले नाही. तीही काही म्हणाली नाही, रमलेल्या पोराला काय विचारायचे? रस्त्याने ती पुढे आणि तो बराच मागे, असे दोघे गेले. आईला आपण नकोसे झालो असे पोराला वाटत होते आणि पोराला आता आपण लागत नाही असे आईला. खरे काय ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हते.

पुढच्या जूनमध्ये गोरक्ष एकटाच आला, आणि रडला नाही. हौदावर त्याने नव्या मुलांच्या आधी पाणी घेतले. मोठे सर नव्या पालकांना त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा बघा. महिन्याभरात तुमचाही असाच रमेल." पालकांना बरे वाटले.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू जपा म्हणून सांगायची रीत आहे. मला जपू नका. माझा गंज पुसून काही होणार नाही. पण तुमच्या वर्गात, तुमच्या खोलीत एखादे मूल रडायचे थांबले असेल, तर ते सुखात आहे असे धरून चालू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा. तुम्हांला तोंड आहे.