नारायणाच्या हातात पाना

धोंड्याचा महिना संपायला दोन दिवस उरले होते आणि भाईदास आबांच्या जिभेवर अनारशांचा थर बसला होता. महिनाभर घरात मासळीचं नाव काढायची सोय नव्हती. मंगळवारी पहाटे तापीवर जायचं, हे शेजारच्या गिरधरशी कधीच ठरलेलं. अडचण एकच. गळाचं रीळ गच्च अडकलं होतं.

अडकवलं होतं जावयानं. दिवाळीत "आबा, मी सर्व्हिसिंग करून देतो" म्हणत जितेंद्ररावांनी आत शेंगदाण्याचं तेल ओतलं होतं. उन्हाळा सरेपर्यंत त्याचा डिंक झाला.

आबांचा जन्म गेला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरकी करण्यात. अडकलेल्या लोखंडाशी भांडायचं नसतं, त्याला आळवायचं असतं, हे त्यांना ठाऊक. सकाळपासून त्यांनी रिळाला डिझेल पाजलं, गरम पाण्याचं फडकं गुंडाळलं, लाकडाच्या तुकड्यानं हलकेच टिचक्या मारल्या. आता फक्त मधला नट काढायचा. त्याचे आटे उलटे. सगळं जग ज्या बाजूनं सैल होतं, त्या बाजूनं हा आवळतो. आबांनी पाना लावला, तेवढ्यात धोंडे जेवून लवंडलेले जावई उठून आले.

"सरका आबा. तुमच्या हातात जोर राहिला नाही आता."

आणि जगाच्या बाजूनं पिळायला लागले.

या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. सकाळीच पाटावर बसवून त्याचे पाय धुतले, ते पाणी डोळ्यांना लावलं. त्याला दुपारी 'उलटं फिरवतोस' असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? शिवाय स्वयंपाकघराच्या दारात आबांची बायको कुंदाबाई डोळे वटारून उभ्या होत्याच.

गिरधर ओट्यावर आला, दोन क्षण पाहिलं आणि ओरडला, "ओ आबा, पाव्हना ते आवळी राह्यनात!"

आबांनी त्याच्या तोंडात अख्खा अनारसा कोंबला. "खा. पुण्य लागतं."

नारायणाचं कपाळ लाल झालं. नट कुरकुरला. अजून दोन पिळे आणि रिळाचा दांडा मोडणार, हे आबांना आवाजावरून कळलं. मग गावात दुसरं रीळ नाही आणि मंगळवारही नाही.

"हलला!" आबा एकदम ओरडले. "शाब्बास जावईबापू! हलला!"

"हलला?" जितेंद्ररावांना स्वतःलाच नवल वाटलं.

"तुमच्या हातानं न हलायला काय झालं? आता असं करा, होता तसा परत आवळून टाका."

"आं? एवढं ढिलं केलं ते आवळायला?"

"आज शनिवार ना. शनिवारी लोखंड उघडं ठेवत नाहीत."

जितेंद्रराव धुळ्याला सरकारी नोकरीत. उघडलेलं प्रकरण न पाहता बंद करण्यात त्यांना कधीच गैर वाटलं नव्हतं. त्यांनी पाना फिरवून धरला आणि आवळण्यासाठी म्हणून सगळा जोर लावला.

कच्च! नट सुटला, पाना निसटला, नारायण पाठीवर पडले.

"तुटला," ते जमिनीवरूनच म्हणाले. चेहरा पांढराफटक.

आबांनी खाली पडलेला अख्खा, निरोगी नट हळूच मुठीत घेतला. "जाऊ द्या. जुनंच होतं ते."

आता जितेंद्रराव उठून शेतावर फिरायला गेले असते, तर गोष्ट संपली असती. पण त्यांनी रीळ उचलून छातीशी धरलं. "नाही आबा. धुळ्यात माझ्या ओळखीचा मिस्तरी आहे. रीळ मी घेऊन जाणार."

"अहो, कशाला..."

"नाही म्हणू नका!"

"काय बोलनात तुम्ही जावाईले?" कुंदाबाई आतून कडाडल्या.

या महिन्यात नारायणाला नाही म्हणता येत नाही. संध्याकाळी दोंडाईच्याच्या स्टँडवरून अनारशांच्या डब्याशेजारी बसून रीळ धुळ्याला गेलं.

मंगळवारी पहाटे तापीवर गिरधर काठी टाकून बसला होता आणि आबा त्याच्याकडे पाहत बसले होते. तेवढ्यात फोन वाजला.

"आबा, आनंदाची बातमी! मिस्तरीनं बठ्ठं साफ करून दिलं. म्हणतो, तुटलं काहीच नाही, फक्त एक नट सापडत नाही. घरात बघा ना. सापडला की फोन करा. मी रीळ घेऊन येतो आणि माझ्या हातानं घट्ट आवळून देतो."

आबांनी खिशातला नट बोटांनी चाचपला. पाण्याकडे पाहिलं. मग पुन्हा नट चाचपला.

"बघतो जावईबापू," ते म्हणाले. "पण घर मोठं आहे."