मिस्त्री, मी पाईप नाही

मित्रांनो, मी एक जुनी धमनी आहे. बॉलपेनच्या रिफिलीएवढी जाड, आणि मुक्काम नळदुरुस्ती करणाऱ्या एका मिस्त्रींच्या हृदयावर. एकावन्न वर्षांत माझी कोणी विचारपूस केली नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नये. आम्हा धमन्यांची चौकशी सुरू झाली, की घरात रडारड फार लांब नसते.

लहानपणी माझं अस्तर अगदी गुळगुळीत होतं. मग सतराव्या वर्षी मिस्त्री विडी ओढू लागले. धुराने अस्तर दुखावलं आणि चरबीचे कण भिंतीत शिरले. त्यांना हुसकायला पांढऱ्या पेशी धावून आल्या. कण खाऊन खाऊन त्या फुगल्या आणि तिथेच मेल्या. त्यांना उचलायला आणखी आल्या, त्यांचीही तीच गत झाली. गर्दीने माझी भिंत सुजली. ठेच लागल्यावर अंगठा सुजतो ना, तशीच. फरक एवढाच, की अंगठा ठणकतो आणि मी निमूटपणे सुजते. हा माझा सोशिकपणा पुढे सगळ्यांच्याच अंगाशी आला.

गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रींचं रक्त तपासलं. चरबी बेताची आहे, पण अंगात सूज फार आहे, म्हणाल्या. विडी सोडा, हिरड्यांतून पू येतो त्यावर इलाज करा, गोळ्या रोज घ्या. एवढ्या बोलण्यातून मिस्त्रींनी घरी दोनच शब्द आणले: चरबी बेताची.

"लाइन साफ आहे," त्यांनी बायकोला सांगितलं.

"अहो, पण त्या सुजेचं म्हणत होत्या. निदान दात तरी दाखवून या."

"खालचा नळ गळतो म्हणून गच्चीवरची टाकी बदलायची? तीस वर्षं हेच काम करतोय मी."

"लोकांच्या घरी करताय. आपल्या मोरीचा नळ अजून गळतोच आहे."

मिस्त्रींनी विडी पेटवली. गोळ्या आठवडाभरात बंद झाल्या.

एके दिवशी सकाळी एका गच्चीवर ते टाकीचा व्हॉल्व्ह आवळत होते, आणि सुजेने आतून पोखरून पातळ केलेली माझी भिंत फाटली. जखम दिसली की गोठायचं, एवढंच रक्ताला शिकवलेलं. त्याने ते मन लावून केलं आणि मला बंद करून टाकलं.

छाती दाबून धरत मिस्त्री घरी आले. घामाने शर्ट भिजला होता. दवाखान्यात चला म्हणून बायको मागे लागली. पण आयुष्यभर पाईप पाहिलेला माणूस तो. पाणी अडलं, की आधी हवा आठवायची.

"लाइनमध्ये हवा धरलीय," ते म्हणाले. "घटकाभर थांबलं की आपोआप सुटते."

ते थांबले. बायकोने पायात चपला घातल्या, त्या चार तास काढल्या नाहीत. दोनदा तिने रिक्षा बोलावली आणि दोनदा यांनी ती परत पाठवली. तिसऱ्यांदा त्यांना बोलता येईना, तेव्हा शेजाऱ्यांनी उचलून नेलं.

डॉक्टरांनी माझ्या आत धातूची बारीक जाळी बसवली आणि वाट मोकळी केली. शुद्धीवर आल्यावर मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला, "लाइन चालू झाली ना?"

"झाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मिस्त्री, तो पाईप नव्हता. आणि तुम्ही फार उशिरा आलात."

जिना चढता येईल का, हे बायकोने विचारलं. बाईंनी तिला बाहेर नेऊन उत्तर दिलं. मिस्त्री आता खुर्चीत असतात. पाण्याचा तांब्या उचलला तरी त्यांना धाप लागते.

मित्रांनो, आमची सूज वर दिसत नाही, म्हणून सांगते. घरातल्या मोठ्यांना विडी सोडायला लावा, गोळ्यांची आठवण करा. आणि त्यांच्या छातीत दुखलं तर हट्ट करा, भोकाड पसरा, पण त्यांना थांबू देऊ नका.

माझ्यातून आता रक्त झकास वाहतं. तपासायला येणारे सगळेच माझी तारीफ करतात. पण हृदयाच्या ज्या मांसासाठी मी ते नेत होते, ते त्या चार तासांत उपाशी मेलं. मी रोज पोचते, आणि पुढे प्यायला कोणी नसतं.