शून्य तक्रारीची शाल

आमच्या कंपनीत महिन्याच्या एक तारखेला सत्कार असतो. ज्याच्या कामात महिनाभर एकही तक्रार नोंदली गेली नाही त्या प्रोग्रामरला शाल, श्रीफळ आणि मालक भरतेश सरांच्या हातून कच्च्या केळ्याचा पहिला सामोसा. मग फोटो, मग ग्रुपवर टाळ्या. सांगलीत विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर अकरा माणसांची ही कंपनी, आणि करते काय, तर इस्पितळांची सॉफ्टवेअर.

'नोंदली गेली नाही' हे नीट वाचा. चूक न करणं वेगळं आणि न नोंदणं वेगळं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. आमची सगळी हुशारी दुसऱ्यातच खर्च व्हायची. चूक सापडली की ज्याची असेल त्याच्या खुर्चीपाशी जायचं, हळूच सांगायचं, त्याने 'बघतो' म्हणायचं आणि दोघांनी चहा प्यायचा. माझ्याआधी प्रोग्रामच्या तपासणीला अपेक्षा नावाची मुलगी होती. तिने एका महिन्यात नऊ चुका रीतसर नोंदवल्या. त्या महिन्यात शाल कपाटातच राहिली आणि जेवताना अपेक्षाच्या शेजारी कोणी बसेना. ती कंटाळून पुण्याला गेली. तिच्या जागी मी आले, कीर्ती चौगुले. मला एकटीने डबा खायला आवडत नाही. माझ्याबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे.

रविराज आमचा हिरा. ओळीने सात शाली त्याने मिळवल्या होत्या आणि सातही खुर्चीच्या पाठीवर एकीवर एक घातल्या होत्या. त्या उबदार ढिगाऱ्याला टेकून तो बसायचा आणि कोणी काही विचारलं की मान न वळवता 'यूजरची चूक' म्हणायचा. हे तो इतक्या थंडपणे म्हणायचा की नवीन मुलं त्यालाच ज्ञान समजायची.

मिरजेच्या एका इस्पितळासाठी त्याने तपासण्यांच्या रिपोर्टचा प्रोग्राम लिहिला होता. नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी तो तपासत होते. गंमत म्हणून इस्पितळाच्या जुन्या यादीतल्या, एकाच गावच्या एकाच नावाच्या दोन बायका घातल्या: शालूबाई पवार, कुंडल. पहिलीचा रिपोर्ट दुसरीच्या नावावर गेला आणि दुसरीचा पहिलीच्या. प्रोग्राम पहिलं नाव, आडनाव आणि गाव एवढंच बघत होता. नवऱ्याचं नाव रविराजला जास्तीचं वाटलं होतं.

"एकाच गावच्या, एकाच नावाच्या दोघी एकाच आठवड्यात येतील कशाला?" तो बॅग भरत म्हणाला. त्याला पंचमीला शिराळ्याला जायचं होतं. ज्याच्या स्वतःच्या गल्लीत चार पूजा पाटील राहतात तो हे म्हणत होता! पण पुण्यात दोन वर्षं काढल्यापासून त्याला गाव आठवत नसे.

मी सरांकडे गेले. सर प्रेमाने बोलले, ते नेहमीच प्रेमाने बोलतात. "कीर्ती, तीन दिवसांनी एक तारीख आहे. आठवी शाल आहे त्याची. नंतर नोंदव की."

मी 'तपासले, ठीक' या चौकोनात बरोबरची खूण केली. नंतर मला आठवलं नाही. खोटं कशाला सांगू, आठवलं होतं, दोनदा.

एक नोव्हेंबरला रविराजच्या अकराव्या शालीचा कार्यक्रम सुरू असताना दारात एक उंच, ताठ म्हातारा आला. डोक्याला फेटा, हातात फाईल. सरांना वाटलं, कोणी पाहुणे आहेत. "या, या, बसा," म्हणत त्यांनी सामोशाची बशी पुढे केली.

"खायाला न्हाई आलो, सायेब. मी नाथाजी पवार, कुंडलचा. फौजेत हवालदार हुतो. मिरजंच्या दवाखान्यात म्हनाले, आमी काय करनार, कांपुटरवाल्यास्नी इचारा."

त्यांच्या बायकोच्या, शालूबाईंच्या, छातीतल्या गाठीचा तुकडा ऑगस्टमध्ये तपासायला दिला होता. रिपोर्ट आला, साधी गाठ आहे. दोघांनी गावात पेढे वाटले. त्याच आठवड्यात तिथे गेलेल्या कुंडलच्याच दुसऱ्या शालूबाईंना कॅन्सर सांगितला. ती बाई भिऊन अडीच महिने दवाखान्याकडे फिरकलीच नाही. शेवटी ऑपरेशनला आली तेव्हा डॉक्टरांनी तुकडा पुन्हा बघितला आणि तो निरोगी निघाला. मग ज्यांना खरंच कॅन्सर होता त्या, नाथाजींच्या, शालूबाई शोधल्या गेल्या. तोवर गाठ काखेपर्यंत पोचली होती.

"डागदर म्हनले, तवाच आला असता तर नुस्ती गाठ काढून भागलं असतं," नाथाजी म्हणाले. आवाज न चढवता त्यांनी फाईल उघडून सामोशाच्या बशीशेजारी ठेवली.

"काका, एकच नाव असलं की असं होतं. एंट्री करणाऱ्याने..." शाल खांद्यावर असलेला रविराज म्हणाला.

"आमच्या पलटनीत तीन नाथाजी पवार हुते गड्या. फौजेनं परत्येकाला नंबर दिला हुता. चोवीस वर्सांत माजं पत्र कवा दुसऱ्याला गेलं न्हाई." मग ते माझ्याकडे वळले, कारण तक्रारींची वही माझ्यासमोर होती. "ताई, समदी ऐकून घेत्यात, लिवून कुनी घेत न्हाई. तुमी तरी लिवा."

मी लिहिलं. या महिन्याची तक्रार क्रमांक एक, तारीख एक नोव्हेंबर. हात तारखेवर थांबला होता. जुलै लिहायला हवं होतं. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी पुढे गेले.

ती चूक दुरुस्त करायला रविराजला अकरा मिनिटं लागली. नवऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक जोडायचा, बस्स. नाथाजी तेव्हा आमच्याच जिन्यात बसून पाणी पीत होते.

डिसेंबरच्या एक तारखेला रविराजला शाल कशी द्यायची, हा प्रश्न होता, कारण त्याच्या नावावर तक्रार तर नोंदली गेली होती. पण भरतेश सर हुशार आहेत. त्यांनी दोन नव्या शाली आणल्या. एक रविराजला, अकरा मिनिटांत दुरुस्ती केल्याबद्दल. दुसरी शाल, चूक शोधून काढणाऱ्या दक्ष कर्मचाऱ्याला, म्हणजे मला. त्याच दिवशी शालूबाईंच्या दुसऱ्या केमोची तारीख होती. नाथाजींनी सकाळीच फोन करून सांगितलं होतं आणि वर माझे आभार मानले होते.

टाळ्या वाजल्या. मी उठले, मान वाकवली आणि शाल घेतली.

दुसऱ्या दिवशी डबा खायला सगळे माझ्याच टेबलावर आले.