सातव्या आक्षेपाची सही

आमच्या घरी धर्माचं भांडण पोस्टानं यायचं. दोन-तीन महिन्यांनी एक जाड तपकिरी पाकीट, वर ठसठशीत गोल अक्षर, आणि आत बाबांच्या धर्माची पद्धतशीर चिरफाड. पाठवणारे दुसऱ्या धर्माचे, दुसऱ्या गावचे, गणिताचे निवृत्त मास्तर. आम्ही त्यांना पलीकडचे काका म्हणायचो. पाकीट आलं की बाबा असे खुलायचे, की जणू परीक्षेचा निकाल लागलाय आणि हे पहिले आलेत.

सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. बाबांनी आमच्या धर्माच्या बाजूनं पुस्तक लिहायचं, काकांनी त्याचं खंडन करायचं, मग बाबांनी त्या खंडनाचं खंडन. पुढे पुढे नावं इतकी लांबली की मुखपृष्ठावर मावेनात. घराच्या पुढच्या खोलीत माझं टायपिंगचं दुकान आहे. लोकांचे अर्ज, भाडेकरार, प्रबंध टाइप करते, त्यातच बाबांची पुस्तकं. काय लिहिलंय ते डोक्यात न घेता बिनचूक टाइप करायचं, ही कला मला साधलेली आहे. बाबांच्या बाबतीत ती फार उपयोगी पडली.

दोघांचा एक नियम होता. पुस्तकाच्या पहिल्या भागात समोरच्याचे आक्षेप मांडायचे, आणि तेही असे की त्यानं वाचून म्हणावं, मला स्वतःलाही इतकं नीट जमलं नसतं. मग ती हस्तलिखित पानं त्याला पाठवायची. त्यानं प्रत्येक आक्षेपाखाली 'हे माझंच म्हणणं' असं लिहून सही करायची. सही आली की मगच उत्तराला हात घालायचा. समोरच्याच्या तोंडी काहीतरी लेचंपेचं घालून मग ते पाडायचं, याला बाबा बाहुलीशी कुस्ती म्हणायचे.

यंदा बाबांनी सत्त्याहत्तरी गाठली आणि पुस्तक शेवटचं असं जाहीर केलं. आमच्या धर्माच्या मंडळानं ते वार्षिक मेळाव्यात प्रकाशित करायचं ठरवलं. मेळाव्याला दीड महिना होता. मंडळाचे अध्यक्ष पेशानं दातांचे डॉक्टर. समोरचा तोंड उघडून गप्प पडलाय अशा समजुतीनं बोलायची त्यांना सवय. ते रोज फोन करून विचारायचे, 'झालं का?' आणि नेमका त्याच आठवड्यात बाबांचा उजवा डोळा ऑपरेशनला निघाला. पंधरा दिवस वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. डावा डोळा आधीपासूनच नावापुरता.

त्यात पाकीट आलं.

'फोड आणि वाच,' बाबा म्हणाले. डोळ्यावर पट्टी, पाठीला उशी, ऐट मात्र न्यायाधीशाची.

मी वाचायला लागले. पहिला आक्षेप, धर्मग्रंथ एकाच वेळी अवतरला की तुकड्यातुकड्यानं लिहिला गेला. खाली काकांचं अक्षर: हे माझंच म्हणणं. सही. दुसरा, देवाला स्तुती कशाला लागते. सही. तिसरा, चौथा, पाचवा. सहाव्याखाली काकांनी 'वा' लिहून मग सही केली होती. बाबा गालातल्या गालात हसले.

'आता सातवा,' मी म्हटलं, आणि वाचत सुटले. '"प्रार्थना ऐकली जाते असं जे सांगतात, त्यांनी हेही सांगावं, की तिची का ऐकली नाही. तिनं काय जास्त मागितलं होतं? श्वास मागितला होता. तो शेजारच्या मांजराला न मागता मिळतो. मांजर कधी प्रार्थनेला बसलं होतं?"'

मांजरापाशी मी थांबले. कारण ते मांजर माझं होतं.

आई गेली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. तिला दमा होता. दुपारची वेळ, मी नोकरीवर. बाबा आतल्या खोलीत दार लावून लिहीत होते, आणि काय लिहीत होते, तर प्रार्थना कशी ऐकली जाते ते. आईला स्वयंपाकघरात धाप लागली. तिनं हाका मारल्या. भिंतीपलीकडच्या बाईंना त्या ऐकू गेल्या. त्यांना वाटलं, असेल काही घरातलं. बाबा म्हणाले, दार लावलेलं होतं, पंखा चालू होता, मला काही ऐकू आलं नाही. ते डॉक्टरांना सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, मला सांगितलं. सगळे पांगल्यावर मी बाबांसमोर उभी राहिले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. श्वास, मांजर, सगळं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'जा, पाणी पिऊन ये.' बस्स. त्या पाण्याचा राग मी एकोणीस वर्षं सांभाळला. तेव्हापासून आमच्या दोघांत धर्माचा विषय निघाला नाही. प्रार्थनेला मी गेले नाही, आणि का येत नाहीस असं त्यांनी विचारलं नाही. मी धरून चालले होते की माझं बोलणं त्यांच्या डोक्यावरून गेलं.

आणि इथे ते शब्दन्शब्द होतं.

'थांबलीस का?' बाबा म्हणाले. 'सही वाच.'

'सही नाहीये.'

'नाही म्हणजे?'

मी काकांचा शेरा वाचला. '"हा आक्षेप माझा नव्हे. प्रार्थना माझ्याही धर्मात आहे, त्यामुळे हा माझ्याही अंगावर येतो, आणि खरं सांगायचं तर मला चार दिवस झोप नाही. शिवाय मी मांजर लिहिलं नसतं. ज्याचा असेल त्याची सही घ्यावी."'

बाबा पाठीमागची उशी सारखी करू लागले. रंगेहाथ सापडलेला माणूस.

'हे तुम्ही काकांच्या नावावर खपवत होतात?' मी विचारलं.

'खपवत नव्हतो. मला वाटलं, ते करतील सही.'

'कशासाठी पण?'

'मला तुला उत्तर देता येत नव्हतं,' बाबा म्हणाले. 'त्यांना देता आलं असतं.'

आता यावर माणसानं काय करावं? संताप तर आलाच. स्वतःच्या लेकीचं रडणं परधर्माचं मत म्हणून लिहून काढायचं, पोस्टात टाकायचं, आणि पावती आली की त्याचा मुद्देसूद समाचार घ्यायचा. हे सुचायला आमच्याच बाबांचं डोकं हवं. पण संतापाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, आणि ते मला आवडलं नाही. एकोणीस वर्षं त्यांनी ते मांजर जपलं होतं. मला बरं वाटलं, चक्क बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाबांनीच विषय काढला. 'नियम म्हणजे नियम. आक्षेप तुझा आहे. सही कर, नाहीतर गाळावा लागेल.'

'मग गाळा.'

'गाळला तर पुस्तकाला अर्थ नाही. बाकीचे सहा मी झोपेतही परतवीन.'

म्हणजे अडलं होतं ते माझ्याशी. मी सही केली की मंडळाला, मेळाव्याला, गावाला कळणार की धर्माची बाजू लढवणाऱ्या माणसाच्या घरातच एक न मानणारी बसलीय. त्याची मला फिकीर नव्हती. माझ्याकडे भाडेकरार टाइप करायला येणारे माझी श्रद्धा विचारत नाहीत. पण पान पुन्हा वाचलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबांनी सगळं जपलं होतं, एक सोडून.

'हे पुरं नाही,' मी म्हटलं.

'काय सुटलंय?'

'शेवटचं वाक्य. मी म्हटलं होतं, तिच्या हाका भिंतीपलीकडच्या बाईंना ऐकू गेल्या, आणि दार लावून प्रार्थनेवर लिहिणाऱ्याला गेल्या नाहीत.'

बाबांनी कप खाली ठेवला. 'ते आठवतंय मला. पण तो आक्षेप होत नाही. आपण मतावर लिहितो, माणसावर नाही. सव्वीस वर्षांत काकांनी माझ्यावर आणि मी त्यांच्यावर एक शब्द लिहिलेला नाही.'

'मग माझी सही नाही.'

'जरा समजून घे. ते वाक्य छापलं तर मेळाव्यात मला कुठे तोंड दाखवायला जागा राहणार नाही.'

'माझंच म्हणणं असं लिहून घ्यायचंय ना? मग माझं म्हणणं एवढं आहे. यातलं कापून कसं चालेल?'

मी दुकानात निघून गेले आणि एका मुलीचा नोकरीचा अर्ज टाइप करायला घेतला. तीन ओळींत सहा चुका केल्या. वाटत होतं, उठून आत जावं आणि म्हणावं, जाऊ दे बाबा, आणा इकडे, करते सही. म्हातारा माणूस, एक डोळा झाकलेला, शेवटचं पुस्तक. पण मला त्या एका वाक्यापलीकडे या धर्माकडून काहीही नको होतं.

दुपारी बाबा भिंतीला धरत दुकानात आले. हातात ते पान. माझ्या टेबलावरचं पेन उचललं, कागद नाकाला लागेल इतका जवळ घेतला, आणि डाव्या अधू डोळ्यानं, तिरप्या चढत जाणाऱ्या ओळीत ते वाक्य सबंध लिहिलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

'आता?' त्यांनी विचारलं.

मी खाली लिहिलं, हे माझंच म्हणणं. सही केली, आणि सहीखाली 'लेखकाची मुलगी'. बाबांनी पान घेतलं आणि म्हणाले, 'आता उत्तर देणं आलं.'

पट्टी निघाली, नवा चष्मा आला, आणि बाबा लिहायला बसले. पहिली सहा उत्तरं त्यांनी दहा दिवसांत हातावेगळी केली. मी रोज टाइप करत होते. उत्तरं चांगली होती; पहिल्यांदाच मी वाचत टाइप केलं म्हणून सांगते. सातव्याचं पान मात्र येईना. मेळावा आठ दिवसांवर आला, तसे अध्यक्ष स्वतः दुकानात हजर झाले आणि माझ्या खांद्यावरून संगणकाच्या पडद्यावर वाचू लागले. सातव्यापाशी त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

बाबांना त्यांनी बाहेर बोलावून घेतलं. 'हे गाळा,' ते म्हणाले. 'लोकांच्या हातात कशाला आयतं कोलीत देताय?'

'सही झाली आहे,' बाबा म्हणाले. 'सही झालेला आक्षेप गाळता येत नाही.'

'मग उत्तर तरी असं द्या की पुन्हा कुणाची टाप होता कामा नये. तुम्हाला काय अवघड आहे? पंखा चालू होता, तुम्हाला ऐकू आलं नाही. माणसाचा कान अपुरा आहे, देवाचा नाही. या एवढ्यावरच किती सुंदर प्रकरण होईल.'

खरंच होईल, असं मला वाटलं. आणि बाबा ते लिहितील, असंही वाटलं.

अध्यक्ष गेले. बाबा गेले नाहीत. टेबलासमोर गिऱ्हाइकाची खुर्ची आहे. ज्यांना स्वतः लिहिता येत नाही ती माणसं तिथे बसून मला अर्ज सांगतात. बाबा त्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत ते तिथे कधी बसले नव्हते.

'माझ्या हातून लिहून होत नाहीये,' ते म्हणाले. 'मी सांगतो, तू घे.'

मी नवं पान उघडलं.

'सातव्या आक्षेपाला उत्तर,' बाबा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, कळफलकाकडे बघत होते. 'पंखा चालू नव्हता.'

मी टाइप केलं. आणि मग मला कळलं की मी काय टाइप केलंय.

'घे पुढे. दोन हाका ऐकू आल्या होत्या. वाक्य अर्धं झालं होतं. तिसरी हाक आली की उठू, असं मी ठरवलं.'

माझी बोटं चालत होती, कशी ते मला सांगता येणार नाही.

'तिसरी आली नाही.'

मी वाट पाहिली. या माणसानं एकेका आक्षेपाला चाळीस-चाळीस पानं उत्तर दिलेलं होतं.

'पुढे?' मी विचारलं.

'पुढे काही नाही. छापून दे, सही करतो.'

मी पान छापलं. त्यांनी दोनदा वाचलं, सही केली, आणि उठून आत गेले. मला त्यांना मारावंसं वाटलं, आणि मला त्यांच्या मागे जाऊन त्यांना धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. समोर एक बाई भाडेकरार घेऊन उभ्या होत्या, त्यांचं काम करून दिलं.

मेळाव्यात पुस्तक आलं नाही. अध्यक्षांनी बाबांची तब्येत बरी नाही असं जाहीर केलं, आणि कुणी फारशी चौकशी केली नाही. पुढे काकांनी आपल्या गावच्या, आपल्या धर्माच्या छापखान्यातून ते छापून आणलं, सातही उत्तरांसकट. त्यावर त्यांनी प्रत्युत्तर लिहिलं नाही. सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदाच.

उत्तर सांगितलं त्या दिवशी मी बाबांशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी त्यांचं ताट वाढून ठेवायचे आणि दुकानात येऊन बसायचे. त्यांच्याकडे तरी आणखी सांगण्यासारखं काय शिल्लक होतं? तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आतल्या खोलीतून मला हाक मारली. माझ्यासमोर गिऱ्हाईक होतं, एक ओळ अर्धी झाली होती, आणि राग जसाच्या तसा होता. पण मी पहिल्याच हाकेला उठले.