जानरावांना येणारे फोन

मित्रांनो, काच तडकलेला एक जुना मोबाईल आहे मी. धामणगाव बढे गावात एका खिडकीत पडून असतो. माझे मालक आता नाहीत, पण ते गेल्यावरही त्यांना फोन येत राहिले.

मलकापूरच्या दुकानातून जानरावांनी मला घरी आणले, तेव्हा त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाईंनी मला हळदकुंकू लावले होते. जानराव एका तेलगिरणीत खरेदी अधिकारी होते. सरकी, पोत्यांचा बारदाना, यंत्रांचे पट्टे, सारे त्यांच्या शब्दावर यायचे. दिवसभर मी त्यांच्या कानाशी तापत असे. "माल चांगला देजा भाऊ, भावाचं मंग पाहू," हे बोलणे मला पाठ झाले होते.

मग गिरणी बंद पडली. जानरावांनी नोकरीच्या संकेतस्थळांवर नाव नोंदवले. पण तेव्हा कंपन्या खरेदीची माणसे कमी करत होत्या. हे काम संगणक करील, असे म्हणत. त्यात जानरावांनी पन्नाशी ओलांडलेली. होकार नाही, नकारही नाही; मला समोर ठेवून ते वाट पाहत बसून राहत. आपण वाजावे असे मलाही फार वाटे, पण ते माझ्या हाती नव्हते. असेच बसलेले असताना एका दुपारी त्यांच्या छातीत कळ आली आणि सारे संपले.

पुढच्या वर्षी मी वाजू लागलो. कच्चा माल वेळेवर मिळेना, भाव सारखे हलू लागले, तशी खरेदीत मुरलेली माणसे कंपन्यांना पुन्हा हवीशी झाली. संकेतस्थळांवर जानरावांचे नाव अजून होतेच; पुण्याहून, नाशिकहून फोन येत. जानराव साहेब आहेत का, असे विचारत.

"भाईर गेले हायेत. येतीन आता," रुक्मिणीबाई सांगत आणि दाराकडे बघत राहत. त्या शांततेत मलाही जानरावांच्या चपला वाजल्यासारख्या वाटत.

त्यांची मुलगी अश्विनी बीकॉम होऊन नोकरी शोधत होती. एकदा तिने आईच्या हातून मला घेतले आणि बाबा वारल्याचे सांगून टाकले. पलीकडे पुण्याच्या एका कंपनीतली बाई होती. तिने माफी मागितली, अश्विनीची चौकशी केली. त्यांना खरेदी विभागात नवीन मुलेही हवी होती. तिला मुलाखतीला बोलावले.

रुक्मिणीबाईंनी जेवण टाकले. "तुनं काऊन सांगतलं? फोन येत होते तोवर मले वाटे, ते कामावरच हायेत."

अश्विनी आईचा हात धरून बसली.

तिची निवड झाली. ती पुण्याला गेली आणि घर आणखी रिकामे झाले. त्यानंतर पुन्हा एक फोन आला. तोच प्रश्न. मला कानाशी धरून रुक्मिणीबाईंनी एकदा दाराकडे पाहिले.

"नाही जी," त्या म्हणाल्या. "ते वारले. आता फोन नोका करजा."

मग त्या खाली बसल्या आणि मोकळेपणाने रडल्या.

मित्रांनो, मोठे होऊन तुम्ही कुणाला काम देणारे झालात, तर वाट पाहणाऱ्याला वेळेत उत्तर द्या. नकार असला तरी द्या. तो ऐकायला आहे तोवर द्या.