आठव्या दिवसाची पाहणी

"मनगट धर बे, मनगट. पोराला खेळवायला आलास का हितं?"

बंकटराव एवढ्या मोठ्यानं बोलले की पारावर जमलेली माणसं वळून बघायला लागली. शहादेवच्या मांडीवरचं वर्षाचं पोर आधीच रडत होतं, ते आता तडफडायला लागलं. शहादेवनं त्याचं मनगट घट्ट धरलं, दंड आपल्या गुडघ्यावर टेकवला आणि मान खाली घातली. बंकटरावांचं नस्तर, लस टोचायची ती बारीक सुरी, दंडावर चार ठिकाणी फिरलं. मोजून चार ओरखडे, आणि त्यांत लस. हात असा की रक्ताचा एक थेंब जास्त नाही.

"अवो, जरा जपून," पोराची आई पुटपुटली.

"जपून पायजे? ने मग घरी. अन् उद्या देवी आल्या की रडत येऊ नको. खड्डा खणून ठेव आजच."

बाईनं पदर तोंडाशी नेला. मागं रांगेत उभ्या असलेल्या दोघीजणी आपली पोरं उचलून हळूच निघून गेल्या. त्या गेलेल्या शहादेवनं पाहिल्या आणि तो पुढच्या पोराकडं वळला.

निजामाच्या राज्यातला फसली सन तेराशे बावीसचा फाल्गुन होता. गोदाकाठच्या गावांत देवीची साथ आल्याची बातमी होती आणि बीडच्या दवाखान्यातून हे दोघं देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, चकलांब्याच्या बाजूला आले होते. बंकटरावांची नोकरी वीस वर्षांची. शहादेव दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याच दवाखान्यात जखमांना पट्ट्या बांधायचा. मोडी वाचता यायची, थोडी उर्दूही, म्हणून डॉक्टरसाहेबांनी त्याला या कामावर घेतलं होतं. पण कच्च्या नेमणुकीवर. पक्का व्हायचा तर बंकटरावांची कैफियत, म्हणजे त्याच्या कामावरचा लेखी शेरा, चांगली जायला हवी होती. दर महिन्याच्या शेवटी ते ती स्वतःच्या हातानं लिहीत, आणि काय लिहिलं ते त्याला कधी दाखवत नसत.

त्या कागदानं शहादेवचा जीव पोखरला होता. सकाळी बंकटराव खाकरले की हा अंथरुणातून उठून बसायचा. त्यांनी पटका कसा बांधलाय यावरून दिवस कसा जाणार याचा तो अंदाज बांधायचा. नस्तर एकदा उकळलेलं तो पुन्हा उकळायचा. लशीच्या काचेच्या नळ्या मडक्यात ठेवून वर ओलं फडकं असायचं, ते सुकलं तर नाही ना म्हणून दहादा हात लावून बघायचा. आणि एवढं जपल्यावरच नेमकी काहीतरी चूक व्हायची. वाटेनं चालताना तो मनातल्या मनात बंकटरावांना उत्तरं द्यायचा. फार चांगली, तोलून मापून बोललेली उत्तरं. पण ते समोर आले की त्याच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "जी."

बंकटराव असे का, याचा त्यानं पुष्कळ विचार केला होता. घरी बायको होती, मुलं होती, खाऊनपिऊन बरं चाललेलं होतं. कशाचं दुःख असावं असं काही दिसत नव्हतं. बंकटराव बैलाशी तसेच बोलायचे, पाटलाशी तसेच, आणि डॉक्टरसाहेबांशी मात्र नाही. एवढंच त्याच्या हाती लागलं होतं.

चकलांब्यातल्या मुक्कामाच्या दुसऱ्या सकाळी बंकटरावांना हिवतापानं धरलं. चावडीच्या कोपऱ्यात दोन घोंगड्या पांघरूनही ते कुडकुडत होते.

"वाडीवर तू जा," ते म्हणाले. "तीन नळ्या उरल्यात. ऊन तापायच्या आत संपव. नासल्या तर मी लिहीन, तुझ्या हातानं नासल्या म्हनून."

"जी."

वाडी कोसभर लांब. मडकं छातीशी धरून शहादेव निघाला. पहिल्यांदाच एकटा होता. ज्वारी काढून झालेल्या रानातून चालताना त्याला इतकं हलकं वाटलं की तो चक्क गुणगुणायला लागला. अर्ध्या वाटेवर फडक्याला हात लावला तर ते कडेनं सुकलेलं. जवळ पाण्याचा थेंब नाही. गुणगुणणं तिथंच थांबलं आणि तो जवळजवळ पळतच वाडीवर पोचला.

आधी सगळं नीट चाललं. पाटलानं सांगून ठेवलं होतं, बाया लिंबाच्या सावलीत पोरं घेऊन बसल्या होत्या. शहादेवनं फडकं भिजवून घेतलं, पोरांना आधी रिकामी नळी दाखवली, दंड पुसायच्या आधी ओल्या बोटानं गुदगुल्या केल्या. दोघं-तिघं हसलीसुद्धा. दोन नळ्या संपल्या. पण अशानं वेळ गेला. सावली सरकून झाडाच्या बुंध्याशी आली. त्यानं शेवटची नळी फोडली. फोडलेली लस ठेवता येत नाही; तिथल्या तिथं वापरावी लागते. दोन पोरांना दिली, एकापुरती उरली, आणि समोर भिवराबाई आली.

पंचविशीची बाई. कडेवर दोन वर्षांची पोरगी, केसर. तिनं पोरीला खाली ठेवलं नाही.

"एक इचारू का?" ती म्हणाली. "मागल्या साली थोरलीला काढल्या तवा तिचा हात पिकला. म्हैनाभर ताप. अजून हात पुरता वर जात न्हाई तिचा. ते कावून झालं?"

साधा प्रश्न होता. उत्तर शहादेवला ठाऊक होतं. पण त्याचं लक्ष फोडलेल्या नळीवर होतं, तिथं लशीचा थेंब कडेनं वाळत चालला होता. त्याला कागद दिसला, कागदावरची अक्षरं दिसली.

"आदी पोरगी खाली ठेव."

"ठेवते की. पर सांगा तरी. तसंच हिचं झालं तर..."

"न्हाई काढायच्या? ने मग घरी," शहादेव ओरडला. "अन् देवी आल्या की रडत येऊ नको. खड्डा खणून ठेव आजच."

शब्द त्याचेच होते का, हे कळायला त्याला क्षणभर लागलं. आवाजाची पट्टी तीच, शेवटचा शब्द आपटायची तऱ्हाही तीच. भिवराबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं केसरला खाली ठेवलं, तिची बाही वर केली आणि दंड पुढं धरला.

शहादेवनं चार ओरखडे काढले. काम नीट झालं. पोरगी रडली. लस वाळेपर्यंत बाई पोरीचा दंड उघडा धरून बसली, तेवढा वेळ तिनं मान वर केली नाही. नंतर एकेक बाई उठून गेली. घोटभर पाणी घ्या, असं कुणी म्हटलं नाही.

परत येताना ऊन डोक्यावर होतं. मडकं रिकामं होतं, तरी त्यानं ते छातीशीच धरलं होतं.

चावडीत बंकटराव घामानं भिजून उठून बसले होते. ताप उतरला होता.

"संपल्या?"

"जी. सगळ्या."

"कुनी आडवं आलं का?"

शहादेवला खोटं बोलता आलं असतं. पण त्यानं झालं तसं सांगितलं, भिवराबाईचा प्रश्न सांगितला, आपण काय बोललो तेही. बंकटराव ऐकता ऐकता हसायला लागले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"शाबास बे. आता कुठं मानूस झालास. ह्यांना असंच लागतं. ह्या म्हैन्याला लिहितो तुझं चांगलं."

याच शब्दांसाठी शहादेवनं दोन वर्षं काढली होती. थाप बसलेली जागा मात्र त्याला भाजल्यासारखी झाली. कितीतरी वेळ तो मडक्यावरचं फडकं पिळत उभा राहिला. फडक्यात पाणी उरलं नव्हतं.

"बंकटराव," तो म्हणाला. "त्या बाईनं इचारलं ते बरोबर होतं. मी बोललो ते लई वाईट बोललो. पुन्यांदा बोलनार न्हाई. अन् मी संगं असताना तुमीबी ते बोलू नका."

बंकटरावांचं हसू तसंच ओठांवर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

"काय म्हनलास?"

"खड्ड्याचं बोलू नका बायांपुढं. पोरं मी धरतो, जसं म्हनाल तसं धरतो. मला काय बोलायचं ते बोला. त्यांना न्हाई."

"कैफियत कोन लिहितं, ठावं हाय ना तुला?"

"ठावं हाय."

तो तिथंच खाली बसला. बंकटरावांनी घोंगडी पांघरली आणि ते भिंतीकडं तोंड करून झोपले.

त्या महिन्याच्या कैफियतीत 'इसम उर्मट, कामात मंद' असं गेलं. शहादेव पक्का झाला तो पुढं तीन वर्षांनी, बंकटराव पेन्शनीत गेल्यावर. मधली तीन वर्षं ते त्याला त्याच आवाजात हाकत राहिले. बायांपुढं मात्र तोंडात आलेलं कधी कधी गिळायचे. नेहमी नाही. आणि गिळलेलं नंतर वाटेवर शहादेवच्या अंगावर काढायचे. तो चालत राहायचा. मनातल्या मनात उत्तरं द्यायची त्याची सवय मात्र सुटली.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी आठवा दिवस आला. लस लागली की नाही, हे आठव्या दिवशी प्रत्येकाचा दंड बघून लिहावं लागे. बंकटराव चकलांब्यातली घरं बघत होते. वाडीवर शहादेवच गेला.

भिवराबाईचं घर शेवटचं होतं. दार लोटलेलं होतं. थोरली अंगणात शेंगा निवडत बसली होती, एका हातानं. त्याला बघून ती उठून आत गेली.

"पाहनीला आलोय," तो दाराबाहेरून म्हणाला.

आत कुजबूज झाली. दार वीतभर उघडलं आणि त्या फटीतून केसरचा दंड बाहेर आला. नुसता दंड, खांद्यापर्यंत. पोरीचं तोंड आतच होतं, आईचंही.

शहादेव उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला. दंडावर चार फोड, टपोरे, मधे खळगी पडलेले, भोवती कुठं लाली नाही. दवाखान्यात शिकवायला दाखवावेत इतके नीट. त्यानं बोट लावलं नाही.

"चांगल्या आल्यात," तो दाराला म्हणाला. "मागल्या साली थोरलीचा हात पिकला तो फोड खाजवून घान गेली म्हनून, न्हाईतर नस्तर नीट उकळलेलं नसंल. म्हंजी आमची चूक. तुमी इचारलं ते बरोबर होतं. हिला खाजवू देऊ नका. सदऱ्याची बाही सैल ठेवा. खपली आपोआप पडंल, वढू नका."

दंड तसाच फटीतून बाहेर राहिला.

"मी त्या दिवशी जे बोललो," त्यानं पुन्हा सुरुवात केली, आणि पुढचं एकदम सुचेना.

धरून धरून पोरीचा हात दमला होता, खाली झुकायला लागला. तेव्हा फटीतून एक मोठा हात आला, काचेच्या दोन हिरव्या बांगड्या घातलेला, आणि त्यानं पोरीचं कोपर खालून उचलून धरलं. तो हात तसाच थांबला.

शहादेव बोलला. फार नाही, चार वाक्यं. बोलून झाल्यावर त्यानं वहीत 'आल्या' असं लिहिलं.

दोन्ही हात आत गेले. दार लागलं. तो उठला, गुडघ्यावरची माती झटकली आणि चकलांब्याच्या वाटेला लागला.