एझ्रा टकेटचं जन्मसाल

जोहरा गेली हे मला मंगळवारी सकाळी साडेनऊला कळलं. मी सौदीतल्या धाहरानच्या तेलकंपनीच्या कॅम्पात तीन नंबरच्या मैदानावर होतो. संध्याकाळी मुलांचा बेसबॉलचा सामना होता. रात्रभर वारा सुटला होता आणि पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावरची माती उडून गेली होती. मी पाणी मारून ती ठोकत होतो. फोन तिच्या भावाचा, नदीमचा होता. तो दम्मामच्या हॉस्पिटलातून बोलत होता.

"दुल्हाभाई, गाडी चालवू नका. मी येतो घ्यायला," एवढंच तो म्हणाला. मी समजलो.

आदल्या रात्री तिच्या छातीत दुखलं म्हणून दाखल केलं होतं. सकाळी ती उशीला टेकून बसली होती आणि चहात साखर नाही म्हणून कुरकुरत होती. मला म्हणाली, "जा तुम्ही कामावर. इथे बसून माझं तोंड किती वेळ बघणार?" मी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या असरच्या नमाजनंतर दम्माममध्येच दफन केलं. आमची मुलगी लाइबा रियाधहून आली. ती तिथे बँकेत आहे. इथे कबरीवर नाव लिहीत नाहीत. डोक्याशी एक दगड ठेवतात, आणि सगळ्यांचे दगड सारखेच असतात.

मी मूळचा दापोली तालुक्यातला. सत्तावीस वर्षं कॅम्पातली मैदानं सांभाळतोय. बेसबॉल मी कधी खेळलो नाही. मला त्यातली मापं माहीत आहेत. उंचवट्यापासून फलंदाजाच्या पाटीपर्यंत साठ फूट सहा इंच, आणि एका तळापासून दुसऱ्या तळापर्यंत नव्वद फूट. जोहरा दम्मामच्या एका इंडियन शाळेत ग्रंथपाल होती. आठ वर्षांपूर्वी कॅम्पातला एक अमेरिकन इंजिनियर घर सोडून गेला तेव्हा त्याने जुन्या खेळाडूंच्या नोंदींची दोन खोकी टाकून दिली. कोणाला तरी उपयोगी पडतील म्हणून मी ती घरी आणली. जोहराने रात्री जेवण झाल्यावर एक पुस्तक उघडलं आणि थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, ह्या माणसाच्या नावापुढे मेल्याची तारीखच नाही. गेला कुठे हा?"

तिथून ते सुरू झालं. अमेरिकेत काही हौशी लोकांचं एक मंडळ आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे जे खेळाडू कोणाला आठवत नाहीत, त्यांची कारकीर्द शोधून हे लोक लेख लिहितात. ज्यांच्या कबरीवर दगड नाही त्यांच्यासाठी दगड बसवतात. जोहरा त्यांच्यात सामील झाली. तीन वर्षांपूर्वी त्यांनी तिला एझ्रा टकेट नावाचा पिचर दिला, कारण दुसऱ्या कोणाला तो नको होता.

त्याची कारकीर्द मी जेवताना ऐकली आहे, त्यामुळे मला ती पाठ आहे. ओहायोतल्या एका वीटभट्टीच्या गावात तो वाढला. १९०४ साली मोठ्या संघात आला. चेंडूला थुंकी लावून टाकायचा. तेव्हा ते चालायचं. पहिल्या वर्षी अकरा सामने जिंकला, नऊ हरला. दुसऱ्या वर्षी एकोणीस हरला. तिसऱ्या वर्षी त्याचा खांदा गेला. जुलैत त्याचा एक चेंडू फलंदाजाच्या कानशिलावर बसला. फलंदाज वाचला, पण एझ्राला महिन्याभरात काढलं. पुढची पाच वर्षं तो लहान गावांच्या संघांतून खेळला, कधी कधी एका दिवसात दोन सामने. १९११ नंतर परत वीटभट्टीवर. १९३४ साली जिल्ह्याच्या निराधारांच्या आश्रमात वारला. कबरीवर फक्त नंबर.

जोहराने लेख लिहून संपवला होता. एकच गोष्ट राहिली होती, त्याचं जन्मसाल. संघाच्या यादीत १९०४ साली त्याचं वय बावीस होतं. पण १८८०च्या शिरगणतीत त्याच्या बापाच्या घरी 'एझ्रा, वय दोन' अशी नोंद होती. म्हणजे तो सव्वीसचा होता आणि बावीसचा म्हणवत होता. त्या काळी खेळाडू वय चोरायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी जोहराची खात्री वेगळ्या कारणाने होती.

"तुला कसं माहीत, तो खोटं बोलला?" मी विचारलं होतं.

"मला नाही कळणार तर कोणाला कळेल? माझ्या इकामा कार्डावरची जन्मतारीख काढून बघा. एक जून. आमच्या वर्गात सतरा जणांचा वाढदिवस एक जून. गुरुजींनी एका बसणीत सगळ्यांना जन्माला घातलं. आणि बावांनी माझी दोन वर्षं वर चढवली, का तर मी माझ्या थोरल्या आपाबरोबर एकाच वर्गात जावं म्हणून. कागदावरचं वय म्हणजे कोणाच्या तरी सोयीचं वय, अहो."

लेखाचा तिसरा भाग तिने यावरच उभा केला. एझ्रा मोठ्या संघात उशिरा आला, भट्टीवर विटा उचलून त्याचा खांदा आधीच झिजला होता, खांदा गेला तेव्हा तो चोवीसचा नव्हता, अठ्ठावीसचा होता. तिने मला तो भाग मराठीत वाचून दाखवला होता. मला पटला होता.

ती गेल्यावर बाराव्या दिवशी मंडळाच्या डेल नावाच्या माणसाची मेल आली. लाइबाने जोहराचा लॅपटॉप उघडून ती वाचली. डेलने दुःख व्यक्त केलं होतं. पुढे लिहिलं होतं की एझ्राच्या कबरीचा दगड कोरणारा पंधरा तारखेला काम सुरू करणार आहे. जोहराने गावातल्या चर्चला बाप्तिस्म्याची नोंद मागितली होती. चर्चचं काही आलं नसेल तर आम्ही जोहराचं १८७८ कोरू आणि तिचा लेख तसाच छापू.

चर्चचं आलं होतं. त्याच्याच खाली न उघडलेली मेल होती, जोहराच्या नावावर, ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची. लाइबाने ती उघडली. तीन ओळी होत्या. एझ्रा टकेट, बाप्तिस्मा मार्च १८७८. एझ्रा टकेट, घटसर्पाने मृत्यू, नोव्हेंबर १८८०. आणि खाली, त्याच आईबापांचा एझ्रा टकेट, बाप्तिस्मा मे १८८२.

पहिला मुलगा गेला. पुढच्याला त्याचंच नाव ठेवलं. आमच्या मोहल्ल्यातही असं करतात. माझ्या चुलत्याचं नाव त्याच्या आधी गेलेल्या भावाचं होतं. जोहराला ते माहीत होतं. तरी तिच्या डोक्यात आलं नाही, आणि माझ्याही नाही.

"म्हणजे तो खरं बोलत होता," लाइबा म्हणाली. "अब्बा, मम्मीचा पूर्ण थर्ड पार्ट गेला."

नदीम तेव्हा आमच्याकडे जेवायला होता. त्याने सगळं समजून घेतलं आणि म्हणाला, "ही मेल कोणी कोणी बघितली?"

"आपण तिघांनी."

"मग झालं. खलास. बंद करा तो लॅपटॉप."

"मामू, असं कसं?"

"असं कसं म्हणजे? मेलेल्या गोऱ्याला चार वर्षांच्या फरकाने काय होणार आहे? तो काय उठून विचारणार, माझं वय का वाढवलं? माझ्या बहिणीने तीन वर्षं डोळे फोडले त्या माणसापायी. लेखाखाली तिचं नाव येतंय, येऊ दे. तिच्या कबरीवर नाव नाही, निदान तिथे तरी असू दे."

"कबरीवर नाव नसणं हा रिवाज आहे, तो आपण आपल्या मर्जीने पाळतो," मी म्हणालो.

"मग हेही मर्जीचं. दुल्हाभाई, बाईची चूक तिच्या मागे चव्हाट्यावर मांडायला तुम्हाला बरं वाटेल का?"

मला बरं वाटणार नव्हतं. मी जेवण अर्धं ठेवून जोहराच्या वह्या काढल्या. पाच वह्या होत्या. तिने कुठे शंका लिहून ठेवली असेल तर ती चूक तिची तिनेच पकडली असं झालं असतं. लाइबाने आणि मी दोन तास पानं उलटली. नदीम सोफ्यावर फोन बघत बसला. शंका कुठेच नव्हती. शेवटच्या वहीत १८७८ खाली दोन रेघा मारल्या होत्या.

एक दुसरी गोष्ट मात्र त्या वह्यांत होती. दुसऱ्या एका सभासदाने लिहिलेल्या लेखात १९०५ सालच्या एका सामन्याचे गुण चुकले होते. जोहराने त्याला चार पत्रं लिहिली होती. चारही पत्रांच्या नकला वहीत चिकटवलेल्या होत्या. चौथ्या पत्रात तिने म्हटलं होतं की तुम्ही दुरुस्त करत नसाल तर मी संपादकांना कळवते. त्या माणसाने मग दुरुस्त केलं.

"लाइबा, डेलला लिही," मी म्हणालो. "अठराशे ब्याऐंशी. चर्चची मेलही पाठव."

"शुअर, अब्बा?"

"लिही."

ती लिहिताना रडत होती. नदीम चपला घालून दारात उभा राहिला. "आपा असती तर तुम्हाला दोन दिवस जेवायला घातलं नसतं," तो म्हणाला.

"घातलं असतं," लाइबा म्हणाली. "पण बोलली नसती."

पाठवून झाल्यावर मला हलकं वगैरे वाटलं नाही. मी भांडी घासली.

डेलचं उत्तर तीन दिवसांनी आलं. दगडावर १८८२ कोरलं जाईल. लेख मात्र आता तसा छापता येणार नाही. खांदा चोविसाव्या वर्षी का गेला, याचं कारण पुन्हा शोधावं लागेल. घरातलं कोणी ते करणार आहे का? नसेल तर मंडळाचा एक सभासद तिसरा भाग नव्याने लिहील आणि लेखाखाली दोघांची नावं येतील. घाई नाही, असं त्याने लिहिलं होतं.

लाइबा रियाधला परत गेली. ती म्हणते, दुसऱ्याला लिहू द्या. नदीम महिन्याभराने आला, बोलला, या विषयावर नाही. मे महिन्यात डेलने दगडाचा फोटो पाठवला. करडा दगड, नाव, दोन सालं, खाली 'पिचर' एवढाच शब्द. मागे गवत वाढलेलं आहे, कापायला हवं होतं.

मला इंग्रजी लिहिता येत नाही. वह्यांतली टिपणं मराठीत आहेत, म्हणून खांद्याचं कारण शोधत मी जोहराच्या पाचही वह्या पुन्हा पहिल्यापासून वाचतोय. दुसरीत आहे. तिसरा भाग लिहिलेला नाही, आणि डेलला मी अजून उत्तर दिलेलं नाही.